‘त्यांना जमलं, मग तुम्हाला का नाही?’ ‘मॉडेल मायनॉरिटी’ म्हणजे काय आणि या कौतुकाआड शिक्षणातली विषमता कशी लपते?

बारावीचा किंवा ‘नीट’चा निकाल लागला की ठरावीक पद्धतीच्या पोस्ट फिरू लागतात. ‘शेतमजुराचा मुलगा डॉक्टर होणार’, ‘ना क्लास, ना पैसा, फक्त जिद्द’. सोबत पेढा भरवतानाचा फोटो असतो. खाली अभिनंदनाच्या कमेंट येतात आणि त्यातच एखादी वेगळी कमेंट दिसते: ‘परिस्थितीचं रडगाणं गाणाऱ्यांनी याच्याकडून शिकावं.’

हीच गोष्ट कधी एका मुलाबद्दल न राहता अख्ख्या समाजाबद्दल बोलली जाते. ‘त्या समाजाचं बघा, कुणाकडे हात न पसरता शिकले’, ‘ते पुढे गेले, हे मागे राहिले, कारण यांना शिकायचंच नाही.’

एखाद्या अल्पसंख्य किंवा वंचित गटाला ‘आदर्श’ ठरवायचं आणि त्याच्याकडे बोट दाखवून बाकीच्यांना दोष द्यायचा, या पद्धतीला ‘मॉडेल मायनॉरिटी’ची प्रतिमा म्हणतात. हा शब्द अमेरिकेतून आला असला, तरी त्यामागचा युक्तिवाद महाराष्ट्राला अजिबात नवा नाही.

हा शब्द आला कुठून?

जानेवारी १९६६ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मासिकात समाजशास्त्रज्ञ विल्यम पीटरसन यांचा जपानी वंशाच्या अमेरिकी लोकांवर एक लेख आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ पासून अमेरिकेने जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना छावण्यांमध्ये डांबलं होतं. इतका अन्याय सोसूनही या समाजाने शिक्षणाच्या आणि कष्टाच्या जोरावर प्रगती केली, असं लेखाचं म्हणणं होतं. त्याच वर्षाच्या अखेरीस दुसऱ्या एका साप्ताहिकाने चिनी वंशाच्या लोकांबद्दल याच सुरातला लेख छापला.

लेखांची वेळ महत्त्वाची आहे. तेव्हा अमेरिकेत कृष्णवर्णीयांची नागरी हक्कांची चळवळ जोरात होती. १९६४ मध्ये नागरी हक्क कायदा झाला होता. शाळा, घरं आणि नोकऱ्यांमधल्या भेदभावाची भरपाई सरकारने करावी, अशी मागणी होत होती. अशा वेळी ‘आशियाई लोकांनी सरकारी मदतीशिवाय करून दाखवलं’ हे वाक्य म्हणजे त्या मागणीला दिलेलं उत्तर होतं.

म्हणूनच अभ्यासक या कौतुकाकडे सावधपणे पाहतात. त्यात स्तुती एका गटाची असते, पण रोख दुसऱ्या गटावर असतो.

अमेरिकेतल्या मराठी माणसाचं यश कशातून आलं?

आज अमेरिकेत ‘आदर्श’ म्हणून भारतीयांचं नाव पुढे असतं. त्यात मराठी कुटुंबंही आली. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून काम करतंय. तिथल्या मराठी घरांमध्ये डॉक्टर, इंजिनीअर आणि सॉफ्टवेअरवाले भरपूर दिसतात. त्यावरून ‘आपली संस्कृतीच शिक्षणाला मानणारी’ असा निष्कर्ष सहज काढला जातो.

पण अमेरिकेत कोण पोहोचलं, हा प्रश्न आधी विचारायला हवा. १९४६ च्या कायद्यानुसार वर्षाला फक्त १०० भारतीयांना तिथे स्थायिक होण्याची परवानगी होती. १९६५ च्या कायद्याने दार उघडलं, पण त्यात कौटुंबिक नात्यांबरोबर व्यावसायिक कौशल्याला प्राधान्य होतं. पुढे एच-१बी व्हिसा आला. त्यासाठी साधारणपणे पदवी लागतेच.

संजय चक्रवर्ती, देवेश कपूर आणि निर्विकार सिंग यांनी अमेरिकेतल्या भारतीयांवरच्या आपल्या पुस्तकात याला ‘तिहेरी निवड’ म्हटलंय. पहिली चाळणी भारतातल्या सामाजिक उतरंडीची, दुसरी इथल्या परीक्षांची आणि तिसरी अमेरिकेच्या व्हिसाची. तिन्ही चाळण्यांतून खाली उतरलेल्या लोकांची सरासरी काढली, तर ती चांगली येणारच. ती सरासरी भारतीयांची किंवा मराठी माणसांचीही नाही. ती निवडून गेलेल्यांची आहे.

चाळणी बदलली की चित्र बदलतं. १९७५ नंतर व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियातून निर्वासित म्हणून आलेले लोकही अमेरिकी आकडेवारीत ‘आशियाई’ म्हणूनच मोजले जातात. ते व्हिसासाठी डिग्री दाखवून नाही, जीव वाचवून आले होते. ह्मोंग किंवा कंबोडियन मुलांचं पदवीपर्यंत पोहोचण्याचं प्रमाण भारतीयांच्या तुलनेत बरंच कमी राहिलं. पण ‘आशियाई मुलं हुशार’ या एका वाक्यात ही मुलं दिसेनाशी होतात.

महाराष्ट्रात ही प्रतिमा कुणावर बसते?

महाराष्ट्रातलं सर्वांत जवळचं उदाहरण बौद्ध समाजाचं आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ८४ लाख बौद्ध होते आणि त्यांपैकी सुमारे ६५ लाख, म्हणजे चारातले तीनहून अधिक, महाराष्ट्रात होते. बहुतेक जण १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेल्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध झालेल्या कुटुंबांतले. हिंगोली जिल्ह्यात बौद्धांचं प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा, म्हणजे ५.८ टक्क्यांपेक्षा, बरंच जास्त आहे.

त्याच जनगणनेत देशाची साक्षरता सुमारे ७३ टक्के होती. बौद्धांची ८१.३ टक्के. ज्या समाजाला काही पिढ्यांपूर्वी शाळेत वर्गाबाहेर बसवलं जायचं, त्याने राष्ट्रीय सरासरी मागे टाकली. ही मोठी गोष्ट आहे आणि तिचं कौतुक व्हायलाच हवं.

अडचण पुढच्या वाक्यात आहे. ‘बौद्ध शिकले, मग बाकीच्यांना काय धाड भरली?’ असं एका बाजूने विचारलं जातं. ‘एवढे शिकले, मग आता सवलती कशाला?’ असं दुसऱ्या बाजूने. दोन्ही प्रश्नांमध्ये एक गृहीतक आहे की हे शिक्षण निव्वळ जिद्दीतून, कशाच्याही आधाराशिवाय आलं. इतिहास तसं सांगत नाही.

या शिक्षणामागे काय काय होतं?

सुरुवात खुद्द बाबासाहेबांपासून करता येते. त्यांच्या कष्टांचे किस्से दरवर्षी १४ एप्रिलला शेअर होतात. पण १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनमधलं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे आणि इतरांची मदत, ज्यात शाहू महाराजही होते, यांच्या जोरावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. या तीन वर्षांत त्यांची बुद्धी कमी झाली नव्हती. पैसे संपले होते.

दुसरी गोष्ट संधीची. महार समाजातल्या अनेकांना ब्रिटिश काळात लष्करात प्रवेश मिळाला होता. लष्करी छावण्यांमध्ये शिक्षणाची सोय होती. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि तिथल्या शाळेत शिकवत. पुढे रेल्वे, मुंबई-नागपूरच्या कापड गिरण्या, दारूगोळा कारखाने अशा ठिकाणी रोख पगाराची कामं मिळाली. गावगाड्याबाहेर पडायची वाट थोडी आधी उघडली. इतर अनेक दलित जातींना ती तितक्या लवकर मिळाली नाही.

तिसरी गोष्ट संस्थांची. पुण्यात १८४८ पासून जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी शाळा काढल्या. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ मध्ये नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखीव ठेवल्या, वसतिगृहं उभारली आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं व मोफत केलं. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केलं.

मराठवाड्यासाठी मिलिंदचं महत्त्व वेगळंच आहे. हा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. उच्च शिक्षणासाठी हैदराबाद गाठावं लागे आणि उस्मानिया विद्यापीठात शिकवण्याची भाषा उर्दू होती. मराठवाडा विद्यापीठ निघालं ते १९५८ मध्ये. त्याआधीच औरंगाबादमध्ये दलित मुलांसाठी कॉलेज आणि वसतिगृह उभं राहिलं होतं. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झालेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात याच मिलिंदमध्ये शिकले.

आणि हे सगळं सरळ रेषेत झालं नाही. धर्मांतरानंतर केंद्र सरकारच्या नोंदीत हे लोक अनुसूचित जातींत धरले जात नव्हते. केंद्रातला तो हक्क मिळायला १९९० ची घटनादुरुस्ती नव्हे, तर त्या वर्षीचा अनुसूचित जातींच्या आदेशात बदल करणारा कायदा यावा लागला. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव जुलै १९७८ मध्ये झाला, तेव्हा मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला.

थोडक्यात, ८१ टक्क्यांच्या मागे जिद्द आहेच. पण सोबत शिष्यवृत्ती, वसतिगृह, कॉलेज, राखीव जागा आणि शंभरेक वर्षांची चळवळ आहे. ‘कुणाच्याही मदतीशिवाय’ हे वाक्य या सगळ्यावर बोळा फिरवतं.

सरासरी काय लपवते?

जनगणनेत साक्षर म्हणजे सात वर्षांवरची अशी व्यक्ती, जी कोणत्याही एका भाषेत समजून लिहू-वाचू शकते. चौथी पास आणि पीएचडी या मोजणीत सारखेच. साक्षरतेचा आकडा कॉलेज, नोकरी, जमीन किंवा बँकेतल्या शिलकीबद्दल काहीच सांगत नाही. नागपूर-मुंबईतलं दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचं नोकरदार कुटुंब आणि कळमनुरी तालुक्यातलं भूमिहीन मजुराचं कुटुंब एकाच टक्केवारीत बसतात.

राज्यातल्या मुस्लिम समाजाचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या मुस्लिमांची साक्षरता ७८.१ टक्के होती, तर राज्याची सरासरी ७६.९ टक्के. फक्त हा आकडा पाहिला तर सगळं ठीक वाटेल. पण मुस्लिम लोकसंख्या शहरांत जास्त एकवटलेली आहे आणि शहरात शाळा जवळ असते. राज्य सरकारने नेमलेल्या महमूदुर रहमान समितीने मात्र हा समाज उच्च शिक्षण आणि रोजगारात मागे असल्याचंच सांगितलं. म्हणजे मुलं शाळेत जातात, पण पुढे गळतात.

शिक्षण मिळालं म्हणजे सुरक्षितता मिळाली, असंही नाही. २००६ मध्ये भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत मारलं गेलेलं बौद्ध कुटुंब मुलांना शिकवत होतं, स्वतःची शेती कसत होतं. २०१६ मध्ये हैदराबादमध्ये रोहित वेमुला आणि २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी यांचा मृत्यू झाला. दोघांच्या आईंनी उच्च शिक्षण संस्थांमधल्या जातिभेदाविरोधात सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. प्रवेश मिळवणं ही या मुलांसाठी शेवटची पायरी नसते.

एका गटाला दुसऱ्यासमोर उभं करणं

या प्रतिमेचा सर्वांत मोठा तोटा म्हणजे वंचितांमध्येच स्पर्धा लागते.

महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या यादीत ५९ जाती आहेत आणि त्यांना मिळून १३ टक्के आरक्षण आहे. त्याचा लाभ सर्वांपर्यंत सारखा पोहोचला नाही, अशी मातंग समाजातल्या संघटनांची जुनी तक्रार आहे. त्यांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी २००३ मध्ये क्रांतिगुरू लहुजी साळवे आयोग नेमला गेला. १ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने ६ विरुद्ध १ अशा बहुमताने अनुसूचित जातींचं उपवर्गीकरण करता येईल, असा निकाल दिला. त्यानंतर राज्य सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती अनंत बदर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

या वादाला दोन्ही बाजू आहेत. जे सर्वांत मागे राहिले त्यांच्यासाठी वेगळा वाटा हवा, हे एक म्हणणं. आधी जातनिहाय आकडेवारी समोर ठेवा आणि दलितांच्या एकीत फूट पाडू नका, हे दुसरं. दोन्हींवर गंभीरपणे बोलता येतं. पण सोशल मीडियावर चर्चा लगेच ‘त्यांनी सगळं खाल्लं’ आणि ‘यांना शिकायचंच नाही’ इथे येऊन थांबते. एकूण जागा, शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहं पुरेशी आहेत का, हा प्रश्न बाजूलाच राहतो.

‘आदर्श’ प्रदेशही असतो

समाजांप्रमाणे प्रदेशांनाही ही प्रतिमा चिकटते. मराठवाड्याबाबत ते ‘लातूर पॅटर्न’ने केलं. राजर्षी शाहू आणि दयानंद यांसारख्या लातूरच्या महाविद्यालयांनी जादा तास, सततच्या सराव परीक्षा आणि उत्तरपत्रिकांवर बारकाईने काम, अशी पद्धत बसवली. दुष्काळी भागातली मुलं गुणवत्ता यादीत झळकू लागली. मग ‘मराठवाड्यात गुणवत्ता आहे, तिथे काय कमी आहे?’ असं म्हटलं जाऊ लागलं.

काय कमी होतं ते वैद्यकीय प्रवेशाच्या ७०:३० सूत्रातून दिसलं. या सूत्रानुसार वैद्यकीय महाविद्यालयांतल्या ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या विद्यार्थ्यांसाठी होत्या. मराठवाड्यात कॉलेजंच कमी, त्यामुळे जागा कमी. चांगले गुण मिळवूनही इथली मुलं प्रवेशाच्या रांगेत मागे राहतात, अशी तक्रार होती. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने हे सूत्र रद्द केलं. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला, पण तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू व्हायला २०२४ उजाडलं.

डोंगरकड्यातून हे कसं दिसतं?

डोंगरकडा हे कळमनुरी तालुक्यातलं, नांदेड जिल्ह्याच्या हद्दीजवळचं गाव. केळी आणि हळदीचा हा पट्टा. समजा, इथे दहावीत एकाच बाकावर बसणारी दोन मुलं आहेत. दोघांनाही ९० टक्के मिळाले.

पहिल्याच्या घरी पाण्याखालची जमीन आहे. केळीचे पैसे आले की नांदेडला क्लास आणि खोली, दोन्हीची सोय होते. पहिल्या प्रयत्नात ‘नीट’मध्ये गुण कमी पडले, तर आणखी एक वर्ष देता येतं. दुसरीची आई-वडील दोघंही मजुरीला जातात. गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो, म्हणून अकरावी-बारावी होते. पुढे शहरात राहायचं तर सरकारी वसतिगृहात नंबर लागला पाहिजे. नाही लागला आणि ती अनुसूचित जातीची किंवा नवबौद्ध असेल, तर स्वाधार योजनेचे पैसे मिळू शकतात. पण खोलीचं भाडं दर महिन्याला द्यावं लागतं आणि योजनेचे पैसे नेमके त्या तारखेला खात्यात येतीलच असं नाही. दुसरा प्रयत्न तिला परवडत नाही.

तरीही ती डॉक्टर झाली, तर ‘ना क्लास, ना पैसा’ म्हणून तिची पोस्ट व्हायरल होईल. त्या पोस्टमध्ये एसटीचा पास, वसतिगृह आणि राखीव जागा यांचा उल्लेख बहुधा नसेल. आणि ती मधेच थांबली, तर पोस्टच होणार नाही. आपल्यापर्यंत फक्त पोहोचलेल्यांच्या गोष्टी येतात.

याचा परिणाम धोरणांवरही होतो. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळांऐवजी ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव मागवले. अशा १४ हजारांहून अधिक शाळा राज्यात होत्या, त्यातल्या अनेक वाड्या-तांड्यांवरच्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये आरटीईच्या २५ टक्के जागांबाबत नियम बदलून, सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला सूट देण्यात आली. पालकांनी कोर्टात धाव घेतली आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. ‘शिकणारा कुठेही शिकतो’ असं एकदा मानलं, की शाळा एक किलोमीटर लांब गेल्याने काही बिघडत नाही असंही वाटायला लागतं. सहा वर्षांच्या मुलीसाठी मात्र त्याच एका किलोमीटरवर शाळा चालू राहणं किंवा सुटणं ठरतं.

अशी पोस्ट समोर आली तर काय पाहावं?

यशाची गोष्ट शेअर करण्यात चूक काहीच नाही. अशा गोष्टींनी अनेक मुलांना बळ मिळतं. फक्त शेअर करण्याआधी काही प्रश्न विचारता येतात.

• या यशामागे कोणती मदत होती? शिष्यवृत्ती, वसतिगृह, आरक्षण, एखादे शिक्षक, शिकलेला मोठा भाऊ? ती पोस्टमध्ये लिहिली आहे का?

• आकडा नेमका कशाचा आहे? साक्षरतेचा, पदवीचा की नोकरीचा? कोणत्या वर्षाचा?

• तुलना कुणाशी केली आहे? दोन्ही गटांना शाळा, जमीन आणि रोजगार सारख्याच काळात मिळाले होते का?

• त्याच वर्गातल्या, त्याच गावातल्या बाकी मुलांचं काय झालं?

• पोस्टचं शेवटचं वाक्य कुणाचं अभिनंदन करतं, की कुणाला तरी टोमणा मारतं?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘टोमणा’ असेल, तर ती गोष्ट यशस्वी झालेल्या मुलाची उरलेली नसते. त्याचं नाव वापरून दुसऱ्या कुणाची तरी वसतिगृहाची, शिष्यवृत्तीची किंवा जवळच्या शाळेची मागणी खोडून काढली जात असते.